सूत्राचे निरूपण लिहावे कसे? : वाईची अधिकरणपद्धती आणि दृष्टांतपाठाची तीन अंगे

पोथीचे निरूपण ऐकणे वेगळे, करणे वेगळे आणि लिहिणे त्याहून वेगळे. मठात किंवा आश्रमात निरूपण चालते तेव्हा वक्त्याच्या समोर श्रोते असतात. एखाद्याच्या चेहऱ्यावर शंका दिसली की वक्ता थांबतो, तेच वचन दुसऱ्या अंगाने उलगडून सांगतो आणि मग पुढे जातो. लेखनात ही सोय नाही. कागदावरचा परिच्छेद एकटा असतो. वाचकाने प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला लेखक तेथे नसतो. म्हणून वाचकाला जो प्रश्न पडणार आहे त्याचे उत्तर परिच्छेदाच्या पोटातच असावे लागते. विचारसूत्रांवर किंवा एखाद्या लीळेवर टिपणे लिहिणारे भिक्षू, तपस्विनी आणि वासनिक पुष्कळ आहेत. श्रद्धा आणि पाठांतर या दोन्ही गोष्टी त्यांच्याजवळ असतात. तरीही लिहिलेले निरूपण अनेकदा वचनाभोवती फिरत राहते आणि त्याच्या अंतरंगात शिरत नाही. याचे कारण बहुधा बांधणीत असते. एका वचनाचे विवेचन करणारा एक परिच्छेद कसा बांधावा, एवढाच या पाठाचा विषय आहे.

१. वाईतील एक परंपरा

सातारा जिल्ह्यात पंथीयांना सर्वांत परिचित असलेले स्थान म्हणजे फलटण. पंचकृष्णांपैकी श्रीचक्रपाणी प्रभूंचे ते अवतारस्थान. त्याच जिल्ह्यात कृष्णेच्या काठी वाई हे गाव आहे. गेल्या शतकात ग्रंथार्थ लावण्याच्या शास्त्राचे एक मोठे केंद्र म्हणून ते महाराष्ट्रात मान्यता पावले. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच संन्यासोत्तर केवलानंद सरस्वती (१८७७–१९५५), यांची प्राज्ञपाठशाळा येथे वाढली. १९१७ च्या सुमारास विनोबा भावे याच शास्त्रीबुवांजवळ उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रभाष्य शिकण्यासाठी येऊन राहिले होते. लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४) हे याच पाठशाळेचे विद्यार्थी. १९२३ मध्ये कलकत्त्यास ‘तर्कतीर्थ’ ही पदवी मिळवून त्यांनी पुढचे आयुष्य वाईलाच घालवले. केवलानंदांचा सात खंडांचा मीमांसाकोश आणि धर्मकोशाचे विस्तृत काम येथूनच प्रसिद्ध झाले. तर्कतीर्थांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, तोही वाईच्याच कार्यालयातून. त्या विश्वकोशात महानुभाव पंथावरही नोंद आहे.

या सर्व ग्रंथकार्यामागे एक शिस्त होती: वचनाचा अर्थ मनाला रुचेल तसा लावायचा नाही, तो सिद्ध करायचा. ही शिस्त ज्या शास्त्राने शिकवली ते पूर्वमीमांसाशास्त्र होय, आणि त्या शास्त्राचा विवेचक परिच्छेद म्हणजे ‘अधिकरण’.

२. अधिकरणाची पाच अंगे

जैमिनींच्या बारा अध्यायांच्या सूत्रांची मांडणी सुमारे एक हजार अधिकरणांत केली जाते. प्रत्येक अधिकरणाला पाच अंगे असतात. पहिले अंग विषय, म्हणजे ज्या वचनाचा विचार करायचा ते वचन. दुसरे विशय, म्हणजे त्या वचनाच्या अर्थाविषयीचा संशय. हा शब्द तालव्य ‘श’चा आहे हे ध्यानात घ्यावे. तिसरे पूर्वपक्ष, म्हणजे सहज सुचणारा परंतु अपुरा अर्थ. चौथे उत्तरपक्ष किंवा सिद्धान्त. पाचव्या अंगाला कोणी संगती म्हणतात, कोणी निर्णय. या विचाराचा आधीच्या आणि पुढच्या प्रकरणाशी संबंध कसा जुळतो, किंवा अखेर काय ठरले, ते त्यात येते.

एक प्रसिद्ध अधिकरण उदाहरणादाखल घेता येईल. यज्ञवेदी रचताना माखलेल्या शर्करा मांडाव्यात असे एक विधिवचन आहे. येथे शर्करा म्हणजे साखर नव्हे, बारीक खडे. खडे माखावयाचे, पण कशाने माखावयाचे ते विधीत सांगितलेले नाही. हा संशय. तूप, तेल, कोणताही स्निग्ध पदार्थ चालेल, कारण वचनाने एकाचे नाव घेतलेले नाही, हा पूर्वपक्ष. त्या विधीच्या लगतच तुपाची स्तुती करणारे वाक्य येते. विधी आणि स्तुती ही एकाच प्रकरणाची अंगे असल्यामुळे जे वाक्य अपुरे राहिले ते शेजारच्या वाक्याने पुरे होते. म्हणून खडे तुपानेच माखावेत, हा सिद्धान्त. यातून सर्वत्र उपयोगी पडणारा नियम निघाला: शब्दाचा अर्थ संदिग्ध असेल तेव्हा तो वाक्यशेषावरून, म्हणजे त्याच ठिकाणच्या उरलेल्या वाक्यावरून ठरवावा.

येथे कोणी म्हणेल की, सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचा मार्ग यज्ञकर्माचा नव्हे. मग वेदी आणि तूप यांच्या विचाराशी महानुभाव अभ्यासकाला काय कर्तव्य? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर स्पष्ट असले पाहिजे. येथून यज्ञ घ्यावयाचा नाही, मीमांसकांचा सिद्धान्तही घ्यावयाचा नाही. घ्यावयाची आहे ती प्रामाणिकपणाची एक रीत. सिद्धान्त सांगण्यापूर्वी संशय उघडपणे मांडावा, प्रतिपक्षाला त्याचे म्हणणे पुरते मांडू द्यावे आणि निर्णयाचा आधार ग्रंथातच दाखवावा, ही ती रीत. ती परकी नाही. पंथाच्या आद्य ग्रंथांत तिचे एक स्वतंत्र आणि अधिक सुटसुटीत रूप अगोदरच आहे.

३. दृष्टांतपाठातील तीन अंगे

तेराव्या शतकाच्या अखेरीस केशिराजबासांनी स्वामींच्या मुखातील दृष्टांत एकत्र करून दृष्टांतपाठ सिद्ध केला. त्यातील एकशे चौदा दृष्टांतांची रचना त्रिविध आहे: आरंभी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टांतिक. सूत्र हे स्वामींचे वचन. दृष्टांत ही लोकव्यवहारातील गोष्ट. दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीतील कोणते अंग सूत्रातील कोणत्या अर्थाला लागू पडते त्याची फोड. मराठी गद्यातील विवेचक परिच्छेदाचा याहून जुना आणि याहून नेटका आकृतिबंध दाखवणे कठीण आहे.

जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत सर्वांना ठाऊक आहे. एकाच्या हाती पाय लागतो, तो हत्तीला खांब म्हणतो. दुसऱ्याच्या हाती कान लागतो, तो सूप म्हणतो. डोळस असतो त्याला सगळा हत्ती दिसतो. ही गोष्ट भारतात इतर परंपरांतही सांगितली गेली आहे. कोणी तिचा अर्थ ‘सर्वांचेच म्हणणे थोडेथोडे खरे’ असा काढतो, कोणी ‘कोणाचेच खरे नाही’ असा काढतो. म्हणजे नुसती गोष्ट अर्थ ठरवीत नाही. अर्थ ठरवते ते दार्ष्टांतिक. आंधळे म्हणजे एकदेशी ज्ञानालाच पूर्ण ज्ञान मानणारे, आणि डोळस म्हणजे ज्याला समग्र वस्तू कळते तो, ही जोडणी झाल्यावरच दृष्टांताचा रोख निश्चित होतो आणि डोळसाला त्या गोष्टीत महत्त्वाचे स्थान मिळते.

न्यायशास्त्रातही हीच गोष्ट दुसऱ्या नावाने आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन ही अनुमानवाक्याची पाच अंगे. त्यांतील उपनय म्हणजे उदाहरणात दिसलेला संबंध प्रस्तुत ठिकाणी आहे असे दाखवणे. उपनय गाळला तर उदाहरण एकीकडे आणि प्रतिज्ञा दुसरीकडे राहते. दार्ष्टांतिक हे निरूपणातील उपनयच होय. लिखित निरूपणात सर्वाधिक वेळा गळते ते हेच अंग. लेखक वचन देतो, त्याखाली एक गोष्ट देतो आणि लगेच उपदेशाला लागतो. वचनातून उपदेश कसा निघाला ते वाचकाने समजून घ्यावे अशी अपेक्षा ठेवतो. श्रद्धाळू वाचक ते मान्यही करतो. परंतु त्याला ज्ञान झालेले नसते, केवळ संमती दिलेली असते.

४. प्रकरणाचे भान

या तीन अंगांच्या आधी आणखी एक गोष्ट येते. म्हाइंभटांनी लीळा मिळवल्या त्या ज्याच्या त्याच्या तोंडून, शोध घेऊन आणि पडताळून. त्या लीळांतील स्वामींची वचने वेगळी काढून केशिराजबासांनी सूत्रपाठ सिद्ध केला. पाठांतराला आणि चिंतनाला त्यामुळे मोठी सोय झाली. पण वचन लीळेतून वेगळे झाले की ते कोणाला, कोठे आणि कोणत्या निमित्ताने सांगितले हे त्याच्याबरोबर येत नाही. ही उणीव पूर्वसूरींनी ओळखली होती. म्हणूनच प्रत्येक सूत्राचा प्रसंग सांगणारे ‘प्रकरणवश’ निर्माण झाले आणि लक्षण, विचार व आचार यांवरील भाष्यांनी प्रसंगाला धरून अर्थ लावला.

यात हयगय झाली तर होणारी हानी केवळ साहित्यिक नसते. एखादे वचन बाइसांच्या प्रेमातिशयाला आवर घालण्यासाठी निघाले असेल, एखादे भटोबासांच्या अधिकाराला अनुसरून निघाले असेल. प्रसंग सोडून त्यातून सरसकट विधी काढला, तर कोणी तरी साधक तो आचरू लागतो. आचारप्रकरणात चुकलेला अर्थ कागदावर राहत नाही. तो एखाद्याच्या दिनचर्येत आणि देहात उतरतो. शर्करांच्या अधिकरणात तेल की तूप एवढाच प्रश्न होता, तरी मीमांसकांनी वाक्यशेष शोधल्यावाचून निर्णय दिला नाही. ज्या वचनावर साधकाचे उद्धरण अवलंबून आहे त्याच्याविषयी सावधपणा त्याहून कमी असून कसे चालेल?

५. एक लीळा, दोन परिच्छेद

आता हे प्रत्यक्ष लेखनात कसे दिसते ते पाहावे. त्यासाठी लीळाचरित्रातील सशाच्या रक्षणाची लीळा घेतली आहे. कुत्री मागे लागलेला ससा स्वामींच्या गुडघ्याखाली येऊन लपतो. पारधी येतात आणि ससा सोडावा अशी विनंती करतात. हा शरण आला आहे, असे स्वामी सांगतात. पारधी म्हणतात की हा होडेचा, म्हणजे पैजेचा ससा आहे. याच्यावरून सुऱ्या निघतील. शरण आलेल्याला मरण असते काय, असे स्वामी विचारतात. पुढे रानातले गवत खाऊन आणि झऱ्याचे पाणी पिऊन राहणाऱ्या प्राण्यांना का मारता, असा प्रश्न ते करतात. यापुढे मारणार नाही असे सांगून पारधी निघून जातात. मग स्वामी गुडघा उचलतात आणि सशाला आदराने संबोधून जायला सांगतात.

या लीळेवर बहुधा असा परिच्छेद लिहिला जातो:

“या लीळेत स्वामींनी अहिंसेचा थोर संदेश दिला आहे. स्वामींचे हृदय किती करुणामय होते हे यावरून दिसते. मुक्या प्राण्यांवर त्यांचे अपार प्रेम होते. आज जगात हिंसा वाढली असताना या संदेशाची नितांत आवश्यकता आहे. प्रत्येकाने भूतदया अंगी बाणवावी.”

यात असत्य काहीही नाही. परंतु ससा, गुडघा, पारधी, पैज यांपैकी एकही गोष्ट यात नाही. हाच परिच्छेद दुसऱ्या कोणत्याही करुणेच्या लीळेखाली छापला तरी एक अक्षर बदलावे लागणार नाही. जे विवेचन कोणत्याही वचनाला लावता येते ते कोणत्याच वचनाचे नसते.

त्याच लीळेवरचा दुसरा परिच्छेद असा:

“या लीळेत स्वामी सशाचे रक्षण करतातच, पण त्यांचे कार्य तेथे संपत नाही, ते पारध्यांचा विचार पालटवतात. प्रथमदर्शनी लीळा शरणागताच्या रक्षणाची वाटते, कारण शरण आलेल्याला मरण नाही हे उत्तर मध्यभागी आहे. पण त्या उत्तराने एकच ससा वाचतो, जो आश्रयाला आला तो. रानात राहिलेल्या प्राण्यांना ते लागू पडत नाही आणि पारधी दुसऱ्या सशामागे जायला मोकळे राहतात. म्हणून स्वामी तेथे थांबत नाहीत. पुढचा प्रश्न जे प्राणी शरण आलेले नाहीत त्यांच्याविषयी आहे: ते गवत खातात, झऱ्याचे पाणी पितात, म्हणजे कोणाचे काही घेत नाहीत. या प्रश्नात पारध्यांची निर्भर्त्सना नाही. उत्तर त्यांनाच द्यावयाचे आहे, आणि ते शिकार सोडून ते देतात. पैजेवरून सुऱ्या निघण्याची भीती त्यांनी बोलून दाखवली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांनी काय सोडले ते कळते. शेवटी विरक्ताला शोभेल अशा आदराच्या संबोधनाने स्वामी सशाला निरोप देतात. आरंभी जी वस्तू पैजेची होती तिला अखेरीस व्यक्तीचा मान मिळाला. एका जीवाच्या अभयापासून सर्व जीवांच्या अभयापर्यंतचा हा प्रवास हाच या लीळेचा अर्थ होय.”

दुसऱ्या परिच्छेदाची अंगे वेगळी करून पाहावीत. पहिले वाक्य प्रतिज्ञा आहे आणि ती वाद करता येईल अशी आहे. ‘स्वामी करुणामय होते’ या विधानाशी पंथात कोणाचा वाद नाही, म्हणून ते सिद्ध करावे लागत नाही आणि त्यातून काही कळतही नाही. दुसऱ्या वाक्यात पूर्वपक्ष आहे आणि तो लीळेतल्याच वचनावर आधारलेला आहे. उभा करून पाडण्यासाठी केलेले ते बुजगावणे नव्हे. ‘पण त्या उत्तराने’ येथून संशय आणि सिद्धान्त सुरू होतात. गवत, झरा, पैज, संबोधन या चार गोष्टी आधार म्हणून आल्या आहेत, आणि प्रत्येक आधाराच्या मागोमाग त्याचा प्रतिज्ञेशी संबंध सांगितला आहे. तेच दार्ष्टांतिक. शेवटचे वाक्य निगमन आहे. ते पहिल्या वाक्याची पुनरुक्ती करीत नाही. मधल्या विचाराने जे पदरात पडले ते सांगते.

आणखी एक गोष्ट लक्षात येईल. दुसऱ्या परिच्छेदात ‘थोर’, ‘अपार’, ‘नितांत’ असे शब्द नाहीत, आणि उपदेशही नाही. तरी तो वाचून संपवल्यावर स्वामींविषयीचा आदर उणावत नाही. आदर विशेषणांनी वाढत नसतो. वचनाकडे किती लक्ष दिले त्यावर तो दिसतो.

६. काही नेहमीचे दोष

पहिला दोष अनेक प्रतिज्ञांचा. एका परिच्छेदात एकच गोष्ट सिद्ध करावी. दुसरी सुचली तर तिला दुसरा परिच्छेद द्यावा. दुसरा दोष वचनांच्या माळेचा. एका वचनाचा अर्थ सांगण्याऐवजी त्याच आशयाची आणखी पाच वचने पुढे ठेवली जातात. त्यामुळे पाठांतर दिसते, पहिल्या वचनाचा अर्थ मात्र जसाच्या तसा बंद राहतो. तिसरा दोष घाईचा: वचनाचा विचार अर्धा झाला नाही तोच ‘आजच्या काळात’ हे शब्द येतात. आजच्या काळाला लागू करणे अयोग्य नाही, पण ते निगमनानंतरचे काम आहे. चौथा दोष भाषेचा, आणि त्याविषयी पंथाजवळ स्वतःचे प्रमाण आहे. केशिराजबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील, हे त्यामागचे कारण स्मृतिस्थळात नमूद आहे. पूर्वपक्ष, उपनय, निगमन ही नावे लेखकाने आपल्या अभ्यासासाठी जवळ ठेवावीत. परिच्छेदात त्यांचे काम दिसावे. नावे दिसली नाहीत तरी चालते. वरच्या दुसऱ्या परिच्छेदात त्यांपैकी एकही नाव आलेले नाही.

यावर अशी शंका येईल की, इतकी अंगे मोजून लिहिले तर निरूपण रुक्ष होणार नाही काय? अंगे मोजायची ती लिहून झाल्यावर, तपासताना. लिहिताना मन वचनावर आणि त्याच्या प्रसंगावर असावे. रुक्षता अंगांमुळे येत नाही. सांगण्यासारखे काही हाती लागण्यापूर्वी लिहायला बसल्यामुळे येते. अंगांची मोजणी हेच दाखवून देते की अजून काही हाती लागलेले नाही, पुन्हा पोथीकडे जावे. हा तिचा सर्वांत मोठा उपयोग आहे.

७. सारांश

प्रथम प्रसंग पाहावा. मग वचनाविषयी एकच विधान करावे, ज्याला आधार द्यावा लागेल असे. सहज सुचणारा दुसरा अर्थ न लपवता मांडावा. निर्णय वचनातील शब्दांवरून आणि त्याच्या वाक्यशेषावरून द्यावा. प्रत्येक आधार विधानाशी कसा जुळतो ते सांगावे. अखेरीस या विचाराने जे निष्पन्न झाले तेवढेच म्हणावे, त्याहून अधिक नाही. वाईच्या शास्त्रीमंडळींनी कोशांची पाने याच रीतीने भरली. पंथाच्या पूर्वसूरींनी त्याआधी कित्येक शतके सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक यांची जोडणी करून हीच रीत मराठीत आणली. लिहिणाऱ्याने ती पाळली म्हणजे स्वामींचे वचन लेखकाच्या मताखाली झाकले जात नाही; ते वाचकापर्यंत स्वामींचे म्हणून पोचते.

मननासाठी

१. दृष्टांतपाठातील कोणताही एक दृष्टांत घेऊन त्याचे दार्ष्टांतिक झाकावे व केवळ गोष्टीवरून अर्थ लिहावा. मग दार्ष्टांतिक वाचून दोन्हींत कोठे अंतर पडले ते पाहावे.

२. नित्यपाठातील एक आचारसूत्र निवडावे, प्रकरणवशातून त्याचा प्रसंग शोधावा आणि प्रसंग कळल्यावर अर्थात काय पालटले ते चार वाक्यांत लिहावे.

३. पूर्वी लिहिलेले एखादे निरूपण काढून त्यातील एक परिच्छेद दुसऱ्या लीळेखाली ठेवून वाचावा. तो तेथेही बसत असेल तर पुन्हा लिहावा.

॥ दंडवत प्रणाम ॥